रुमालाखालचा हात

खरसुंडीच्या यात्रेत किंवा सांगोल्याच्या बाजारात खिलार बैलाचा सौदा ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना हे दृश्य नवे नाही. विकणारा दावे धरून उभा. घेणारा दात बघून, पाठीवरून हात फिरवून बाजूला झालेला. मधे दलाल. तो घेणाऱ्याचा हात रुमालाखाली घेतो, बोटे दाबतो; मग तोच रुमाल विकणाऱ्याच्या हातावर जातो. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी आकडा कोणाच्या तोंडून बाहेर पडत नाही. घेणारा कितीपर्यंत चढायला तयार आहे आणि विकणारा कितीवर उतरेल, हे दोन्ही आकडे एकट्या दलालाला ठाऊक असतात. त्या दोन आकड्यांच्या मधल्या पट्टीवर त्याचे पोट चालते.

जमिनीच्या व्यवहारात रुमाल दिसत नाही. म्हसवडच्या स्टँडजवळ हॉटेलात बैठक बसते, चहा येतो, कोणीतरी मोबाइलवर सातबारा उघडून दाखवतो. पण रुमालाखालचा हात इथेही असतोच. बैलाच्या सौद्यात फसलेला माणूस पुढच्या बाजारी दुसरा बैल घेतो. जमिनीत फसलेल्याची दुसरी पिढी कोर्टाच्या तारखांना जाते. म्हणून जमिनीच्या एजंटाची कर्तव्ये या कोरड्या वाटणाऱ्या विषयावर मराठीत स्वतंत्र पुस्तक निघत आहे, याचे मला अप्रूप वाटते. त्याला चार शब्द जोडताना मी कलमांची यादी देणार नाही. ती आत आहे. हा प्रश्न आपल्या भागात आत्ताच एवढा तातडीचा का झाला आणि त्याचे मूळ कशात आहे, एवढेच सांगतो.

माणदेशात जमिनीला गिऱ्हाईक नसायचे, ही फार जुनी गोष्ट नव्हे. माणगंगेचे पात्र वर्षातले बहुतेक महिने वाळूचे. राजेवाडीचा ब्रिटिशकालीन तलाव भरला तर बातमी व्हायची. ज्या रानात बाजरी पिकेल की नाही याची खात्री नाही, ते रान विकत घेणार कोण? विकायचेच झाले तर भावकीत, शेजारच्या बांधाला, नाहीतर सावकाराला. घेणारा आणि विकणारा दोघेही जमिनीचा खडान्‌खडा ओळखत. विहिरीत कोणाचा किती हिस्सा, पाण्याची पाळी कोणाची, गाडीवाट कोणाच्या रानातून, सगळे तोंडपाठ. तिथे मध्यस्थ लागला तर तो भाव जुळवायला आणि रुसवा काढायला.

हे चित्र दोन बाजूंनी बदलले. एकीकडे पाणी आले. उरमोडी, जिहे-कठापूर, टेंभू ही नावे आधी निवडणुकीच्या भाषणात होती, ती हळूहळू कालव्यात आणि पाइपात उतरली. सातारा-पंढरपूर रस्ता रुंद झाला. बेंगळुरू-मुंबई औद्योगिक पट्ट्याच्या चर्चेत म्हसवड परिसराचे नाव आले, आणि कुसळाशिवाय काही न देणाऱ्या माळाचा भाव लोक विचारू लागले. दुसरीकडे माणसे गेली. मुंबईच्या बाजारात माथाडी म्हणून गेली, पोलिसात गेली. खानापूर, आटपाडी, माण भागातली कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्यात देशभरच्या सराफपेठांत पांगली. जमीन इथे, मालक केरळात किंवा पंजाबात. घेणाराही बरेचदा तसाच लांबचा. दोघांनाही रान नीट ठाऊक नाही. सातबाऱ्यावर नाव मात्र आहे, आणि बँकेत पैसे आहेत.

या दोन लांबच्या माणसांच्या मधे जो उभा राहतो तो आता केवळ भाव जुळवणारा उरला नाही. तो त्यांचे डोळे, कान आणि कधीकधी सही करणारा हातही झाला. त्याच्या कामाचे वजन वाढले, पण त्याच्याकडे बघण्याची आपली रीत रुमालाच्या काळातलीच राहिली. ‘पार्टी आणली, टक्का घेतला’ या चार शब्दांत आपण सगळा संबंध आटोपतो. तो नेमका कोणाचा माणूस, हे विचारतच नाही.

कायद्याने मात्र हा प्रश्न फार पूर्वी विचारला आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या दहाव्या प्रकरणात, कलम १८२ पासून २३८ पर्यंत, एकाने दुसऱ्याच्या वतीने काम करण्याचा सगळा संसार मांडला आहे. ज्याच्या वतीने काम करायचे तो मूळ मालक, करणारा त्याचा अभिकर्ता. कलम १८५ म्हणते की हे नाते जुळायला मोबदला लागतच नाही. आपल्याकडे निम्मे व्यवहार चुलत भाऊ, मेहुणा, गावचा मित्र अशांच्या हातून होतात. ‘मी कुठे पैसे घेतले? घरचं म्हणून केलं,’ हे वाक्य ऐकले नाही असा वकील या भागात सापडायचा नाही. मालकाचे काम अंगावर घेतले की त्याच्याबद्दलचे इमानही अंगावर येते. टक्का न घेणाऱ्यालाही त्यातून सूट नाही.

पण इमान म्हणजे नेमके काय? इथे १८७२ च्या त्या कायद्यातली उदाहरणे बघावीत. ती लिहिणाऱ्यांनी जणू आपल्याच गावच्या पारावर बसून लिहिली असावीत. एक माणूस दुसऱ्याला आपली मिळकत विकायला सांगतो. तो दुसरा मिळकत पाहायला जातो तर तिथे त्याला खाण सापडते. मालकाला तिचा पत्ता नाही. हा परत येऊन म्हणतो, मीच घेतो तुमची जमीन, आणि खाणीबद्दल गप्प बसतो. कायदा म्हणतो, मालकाला पुढे खाण कळली तर तो व्यवहार मोडू शकतो किंवा हवा असल्यास राखू शकतो, निवड त्याची. दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. एक जण दुसऱ्याला अमुक घर आपल्यासाठी विकत घ्यायला सांगतो. तो येऊन सांगतो, ते मिळत नाही. आणि मागच्या दाराने स्वतःच घेतो. पहिल्याला हे कळले तर त्याने दिलेल्या किमतीलाच ते घर आपल्याला देण्यास भाग पाडता येते.

माणच्या माळात खाण सापडत नाही. आपली खाण कागदावर असते. रस्त्याची आखणी कुठून जाणार, कालव्याचा फाटा कोणत्या गटातून निघणार, संपादनाच्या नोटिसा कोणत्या शिवारापर्यंत येतील, हे ज्याला चार महिने आधी कळते त्याला खाण सापडलेली असते. तेव्हा तो कोणाचा माणूस आहे यावर सगळे ठरते. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावाने बाजारात उतरला असेल तर तो व्यापारी. त्याला जे कळले ते त्याचे. पण ज्या क्षणी त्याने कोइमतूरला बसलेल्या मालकाला फोनवर ‘तुमचं रान मी विकून देतो’ असे म्हटले, त्या क्षणापासून त्या रानाबद्दल त्याला कळणारी प्रत्येक गोष्ट मालकाची झाली. ती दडवून मेहुण्याच्या नावावर रान घेणे म्हणजे हुशारी नव्हे. मालकाचीच वस्तू मालकापासून लपवणे आहे.

या पुस्तकाचा गाभा मला इथे दिसतो. एजंट जमीन विकत नाही, जमीन त्याची नसतेच. त्याच्याकडे असते ती माहिती, आणि कर्तव्यांचे सगळे कायदे शेवटी ‘ही माहिती कोणाची’ याच प्रश्नाभोवती फिरतात.

याची दुसरी बाजू त्याहून कडक आहे. कलम २२९ आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ३ एकत्र वाचले तर अर्थ निघतो तो असा: आपले काम करताना एजंटाला व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाचे जे कळले, ते आपल्यालाही कळले असे कायदा धरून चालतो. समजा, जमिनीवर वाद आहे हे घेणाऱ्याच्या एजंटाला तपासात समजले आणि त्याने ते सांगितले नाही. पुढे घेणारा कोर्टात ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणाला, तर ते पुरे पडेलच असे नाही. तसेच विकणाऱ्याच्या एजंटाने कामाच्या ओघात ‘विहिरीला बारमाही पाणी आहे’ अशी थाप मारली, तर तिचे ओझे विकणाऱ्यावर येते. एजंटाचे मौन आणि त्याची थाप, दोन्ही मालकाच्या खाती जमा होतात. म्हणून माणूस निवडताना तो किती गिऱ्हाइके आणतो यापेक्षा आपल्याला किती सांगतो हे बघावे.

सांगायचे तर आधी शोधायला हवे. कलम २१२ त्याच्याकडून त्या धंद्यातल्या सर्वसाधारण माणसाएवढे कौशल्य आणि वाजवी तत्परता मागते. आपल्या भागात याचा अर्थ अगदी ठोस आहे. सातबाऱ्यावरचे नाव बघून थांबता येत नाही. ‘इतर हक्क’ हा रकाना वाचावा लागतो. सोसायटीचा बोजा, कूळ, कोर्टाचा मनाई हुकूम तिथे दडलेले असतात. जमीन भोगवटादार वर्ग एकची की दोनची? दोनची असेल तर परवानगीशिवाय हात लावायचा नाही. देवस्थान इनाम असेल तर बैठकच मोडायची. घेणारा शेतकरी आहे का? नसेल तर कूळ कायद्याचे कलम ६३ आडवे येते. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. २०२३ साली राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे ठरले. नागरी हद्दीजवळचे नियम पुढेही हलत राहिले आहेत, म्हणून ताजा नियम विचारल्याशिवाय पाच गुंठ्यांचा विसार घेऊ नये. नकाशात रस्ता आहे की फक्त वहिवाटीत आहे? वहिवाटीतला असेल तर शेजाऱ्याशी बोलणे झाले का? मोजणी कधी झाली, आणि बांध हद्दीवर आहे की सरकलेला?

आणि बहिणी. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि पुढे देशाने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा दिला. म्हसवड ही बायकांनी स्वतःची सहकारी बँक उभी केलेली भूमी. माणदेशी महिला बँक १९९७ पासून इथे चालते. तरीही जमिनीच्या बैठकीला बहीण बसलेली अजून क्वचित दिसते. ‘ताईची काही हरकत नाही’ हे तिच्या वतीने भाऊ सांगतो आणि एजंट मान हलवतो. चांगला एजंट ताईला फोन लावतो. हक्कसोडपत्र झाले आहे का, ते नोंदवले आहे का, तिने समजून सही केली का, हे विचारतो. त्याने विचारले नाही, तर दहा वर्षांनी तिची मुले विचारतात.

आता टक्क्याकडे येऊ, कारण सगळ्यांचे लक्ष तिकडेच असते. आपल्याकडची रूढ रीत म्हणजे दोन्हीकडून दलाली. भाव जुळवण्यापुरता हा मध्यस्थ असतो तोवर त्यात गैर नाही, दोघांना ठाऊक असेल तर. पण विकणाऱ्याने विश्वासाने सांगितले की मुलीच्या लग्नासाठी दिवाळीआत पैसे हवेत, आणि तेच घेणाऱ्याच्या कानावर गेले, तर दुसऱ्या टक्क्याची किंमत पहिल्याने मोजली. दोन्हीकडून घ्यायचे असेल तर दोघांना आधी, तोंडावर आणि शक्यतो कागदावर सांगून घ्यावे. ते न सांगता दोन घरी जेवणे हा विश्वासघात आहे. दुसरी रीत आहे ‘मला एकरी एवढे द्या, वरचे तुमचे’. ऐकायला सुटसुटीत. पण या वाक्याने मालक आपल्याच माणसाला आपल्यापासून खरा भाव लपवायचे कारण देतो.

या रीतीचा एक प्रसिद्ध खटला आहे. सर्वोच्च न्यायालय सुरू होऊन काही आठवडेच झाले होते, तेव्हाचा, म्हणजे १९५० चा: अब्दुल्ला अहमद विरुद्ध अनिमेंद्र किसेन मित्तर. कोलकात्यातल्या एका इमारतीच्या मालकाने दलालाला पत्र दिले होते. लाखाच्या खाली नाही, गिऱ्हाईक आणल्यास दलाली अमुक, आणि ठराविक आकड्याच्या वर जे येईल त्यात दलालाचा वाटा. दलालाने गिऱ्हाईक आणले आणि उत्साहाच्या भरात मालकाच्या वतीने सौदाही पक्का करून टाकला. मालक फिरला, पण पुढे त्याच गिऱ्हाइकांच्या माणसाला कमी किमतीत इमारत विकली आणि दलालीला हात वर केले. न्यायालयाने दोघांचेही कान धरले. गिऱ्हाईक शोधायचा अधिकार म्हणजे मालकाला सौद्यात बांधायचा अधिकार नव्हे, हे दलालाला सांगितले. आणि गिऱ्हाईक त्यानेच आणले होते, तेव्हा त्याची दलाली बुडवता येणार नाही, हे मालकाला सांगितले.

हा खटला मला आवडतो तो दुसऱ्या वाक्यासाठी. एजंटांबद्दल लिहिताना सगळा दोष त्यांच्या पदरात घालणे सोपे असते. पण उन्हातान्हात दहा वेळा पार्टीला शिवारात फिरवायचे, तलाठ्याकडे खेटे घालायचे, आणि खरेदीखताच्या दिवशी घेणारा-विकणारा गुपचूप दुय्यम निबंधकाकडे जाऊन आलेले असतात, हा अनुभव या धंद्यातल्या प्रत्येकाच्या गाठी आहे. दोन्हीकडून टक्का घ्यायची सवय त्यातूनही आली आहे: एकाने बुडवले तर दुसरा हाती राहावा. कर्तव्य एकतर्फी नसते. मालकाने ठरलेली दलाली द्यावी, त्याच्या वतीने केलेल्या कायदेशीर खर्चाची भरपाई करावी, हेही त्याच प्रकरणात लिहिले आहे. आणि एजंटाने काम वाकडे केले तर त्या कामाची दलाली मागायचा हक्क जातो, हे कलम २२० मध्ये.

पैशाचे आणखी एक बोलायला हवे. टोकन, विसार, साठेखताची रक्कम अनेकदा मध्यस्थाच्या खिशातून जाते. मागितला की हिशेब द्यायचा आणि मालकाच्या नावाने आलेले पैसे त्याला पोचते करायचे, ही दोन कर्तव्ये कायद्यात सरळ शब्दांत आहेत. ‘तुमचे ऐंशी हजार माझ्याकडे सुरक्षित आहेत’ हे वाक्य ऐकले की पावती मागावी. कुलमुखत्यारपत्राबाबतही तसेच. गलाईवाल्या कुटुंबांना ते द्यावेच लागते, दरवेळी गावी येणे परवडत नाही. पण त्यावर सगळे अधिकार एकदम लिहून देऊ नयेत. कोणता गट, कोणते काम, किती मुदत, हे लिहावे. देणारा गेला की ते मुखत्यारपत्रही सर्वसाधारणपणे संपते. आणि केवळ मुखत्यारपत्र, करारनामा आणि मृत्युपत्र यांच्या जोरावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट सांगितले. मालकी येते ती नोंदवलेल्या खरेदीखताने.

‘मग रेरा कशाला आहे?’ असे वाचक विचारेल. २०१६ चा तो कायदा आणि २०१७ पासून काम करणारे महारेरा यांनी मोठे काम केले आहे. प्रकल्पातले प्लॉट किंवा सदनिका विकून देणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची झाली. नोंदणीस पात्र असूनही नोंदवलेला नाही अशा प्रकल्पातली विक्री त्याने करून द्यायची नाही, वह्या ठेवायच्या, खोटी जाहिरात करायची नाही, बुकिंगच्या वेळी कागदपत्रे घेणाऱ्याच्या हाती द्यायची. चुकला तर दिवसाला १० हजार रुपये दंड, मिळकतीच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. २०२३ मध्ये महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली. पण शेतजमिनीचा खरेदी-विक्री व्यवहार या चौकटीत येत नाही, आणि ५०० चौरस मीटरच्या आतल्या प्रकल्पाला नोंदणी लागत नाही. म्हणजे पुण्यात फ्लॅट घेणाऱ्यामागे एक अख्खे प्राधिकरण उभे आहे, आणि म्हसवडच्या माळावर दोन एकर घेणाऱ्याच्या हाती दीडशे वर्षे जुना करार कायदा. तो दुबळा नाही. फक्त तो आपल्या दारी चालत येत नाही, त्याला बोलवावे लागते.

बाहेरचे जगही याच प्रश्नाशी झगडते आहे. ब्रिटनच्या १९७९ च्या कायद्याने एजंटाला मिळकतीत स्वतःचा हितसंबंध असेल तर तो आधी उघड करायला लावले. अमेरिकेत मोठ्या खटल्यांनंतर २०२४ च्या ऑगस्टपासून घेणाऱ्याच्या एजंटाने घर दाखवण्याआधी मोबदल्याचा लेखी करार करायचा, अशी रीत आली. आपल्याकडे २०१६ मध्ये फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरले, तेव्हाही वाद तोच होता: अडत्याला पोसतो कोण, आणि तो राबतो कोणासाठी.

या पुस्तकाकडे दोन वाचकांनी यावे असे मला वाटते. पहिला, जमीन घेऊ-विकू पाहणारा माणूस, विशेषतः परगावी असलेला. त्याने पहिल्या बैठकीआधी एक पानाचा कागद करावा: तू माझा की दोघांचा, दलाली किती आणि कोणत्या दिवशी, मला काय काय तपासून देणार, माझे पैसे तुझ्या हाती येतील का. एवढ्या चार ओळींनी निम्मे खटले वाचतात. दुसरा वाचक म्हणजे हा धंदा करणारा तरुण. आपल्या तालुक्यात नोकऱ्या कमी आणि एजंट जास्त झाले आहेत. त्यांतले बरेच जण प्रामाणिक आहेत, पण आपल्या कामाला कर्तव्ये असतात हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. मालकाला माहीत नसलेली खाण तुम्हाला सापडेल, तो दिवस येणारच आहे. त्या दिवशी कोणाला फोन लावायचा, हे आजच ठरवून ठेवा.

सिद्धनाथाचा रथ आज गावातून निघेल. पुण्या-मुंबईहून, केरळातून, पंजाबातून माणसे आली आहेत. संध्याकाळी ओसरीवर बसून ती जमिनीबद्दल बोलतील, आणि ‘तू बघ ना काहीतरी’ म्हणून कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवतील. तो हात ठेवला जाईल तेव्हा हे पुस्तक दोघांच्याही वाचनात आलेले असावे, एवढी इच्छा.

म्हसवड
मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा